घोसाळ्याच्या वेलावर पहारा

१२ फेब्रुवारी, सोमवार

आज मोजल्या. कोंबड्या तेवीस, कोंबडा एक. सकाळी तेवीस, संध्याकाळीही तेवीस. जाळी लावल्यापासून पहिल्यांदाच आकडा जुळला.

ठाण्याच्या एका सोसायटीच्या गेटवर सत्तावीस वर्षं काढली. कोण आलं, कोण गेलं, गाडीचा नंबर, वेळ, सही. डिसेंबरात नोकरी संपली तेव्हा सेक्रेटरीसाहेबांनी शाल दिली, आणि मी ऑफिसातलं एक कोरं रजिस्टर मागून घेतलं. तेच हे. सूर्यमाळच्या खालच्या अंगाला आमचा पाडा. इथे लिहिण्यासारखं काय असणार असं वाटलं होतं. पण आहे, भरपूर आहे.

आलो तेव्हा बायकोच्या, रामीच्या, कोंबड्या दिवसभर वाटेल तिथे फिरत होत्या. करवंदीच्या झुडपांत, शेजारच्या पोश्याच्या अंगणात, खाली ओढ्यापर्यंत. मोजत कोणीच नव्हतं. "संध्याकाळी येतात की," रामी म्हणते. येतात. पण गेल्या किती हेच माहीत नसेल तर आल्या किती याला काय अर्थ? म्हणून परसात बांबू ठोकून मासेमारीच्या जुन्या जाळ्याचं आवार केलं. रामी आंब्याखाली करायला सांगत होती. आंब्याखालचं माझ्या खाटेवरून दिसत नाही. म्हणून उघड्यावर केलं, चारही कोपरे नजरेत राहतील असं.

१९ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी कोंबड्या चोची उघड्या टाकून कुडाच्या हातभर सावलीत एकमेकींना चिकटून उभ्या राहतात. रामी म्हणाली, "मोकळ्या होत्या तवा आपली सावली आपण शोधत होत्या."

तेवढ्यात पोश्या मागच्या बाजूने आला. हाक नाही, खाकरणं नाही, सरळ परसात. पोश्या माझ्याच वयाचा, लहानपणी आम्ही एकत्र गुरं राखली. मी ठाण्याला गेलो, तो इथेच राहिला. रोज सकाळी मोटारसायकलवर पाण्याचे दोन कॅन आणतो, आमच्या ओट्यावर ठेवतो आणि रिकामे घेऊन जातो. रामी त्याला काही सांगत नाही, तोही काही विचारत नाही. दोन महिने मी हे बघतो आहे. फुकट कोणी काही करत नाही, एवढं मी गेटवर शिकलो.

"देवा, मांडव कर वरून," तो म्हणाला. "घोसाळ्याचा वेल चढव. दोन महिन्यांत गच्च सावली होईल. बी मी देतो."

घरून वाळकं घोसाळं आणून त्याने माझ्या हातावर झटकलं. सात बिया घेतल्या. त्याला एवढी काळजी का, हा प्रश्न राहिलाच. पण बी तपासून घेतलं. भरलेलं होतं.

३ मार्च, रविवार

पाच उगवल्या. दोन नाहीत. त्या दोन्ही पोश्याच्या घराकडच्या बाजूच्या. रामी म्हणते उंदराने नेल्या असतील. उंदीर फक्त त्याच बाजूने येतो का?

१५ मार्च, शुक्रवार

पाचही वेल जाळीच्या वर गेले. सुतळ्या बांधून त्यांना वळण दिलं. वरून कारवीच्या काठ्यांचा मांडव घातला, त्यावर पहिलं पान आज टेकलं. खाली आवारात पहिल्यांदा वेलाची सावली पडली, टोपलीएवढी. एक तांबडी कोंबडी नेमकी त्यात जाऊन बसली. मला फार बरं वाटलं. इथे आल्यापासून माझ्या हाताने झालेलं हे पहिलंच काम.

मुलीला, हर्षदाला, व्हिडिओ कॉल करून दाखवलं. ती नाशिकला नर्स आहे. "छान आहे, बाबा. आईला दाखवलंत?"

"आई इथेच असते. रोज बघते."

"तुम्ही दाखवलंत का, विचारतेय."

पोरी मोठ्या झाल्या की कोड्यात बोलतात.

२१ मार्च, गुरुवार

वेल अजून जोरात जायला हवेत, ऊन थांबत नाही. आवार झाडून निघालेली कोंबड्यांची शीट दोन टोपल्या भरून पाचही बुंध्यांशी घातली. घरचं खत, ताजं. ठाण्यात साहेब लोक असलं खत विकत आणत.

रामी मोहाची फुलं वाळत घालत होती. म्हणाली, "ताजी नको घालू. जाळते ती."

"कोण म्हणालं?"

"पोश्या म्हणतो. मीपण म्हणते."

पोश्याचं नाव आधी आलं, तिचं नंतर. मी ऐकलं नाही.

२८ मार्च, गुरुवार

बावीस.

तीन वेळा मोजल्या. एक कबरी कमी. जाळी कुठे फाटलेली नाही, पीस पडलेलं नाही, रक्त नाही. म्हणजे मुंगूस नव्हे. दार उघडून नेली. दाराची गाठ मी उजवीकडून मारतो, आज ती डावीकडून होती.

रामीला लगेच काही बोललो नाही. पोश्याच्या घरावरून सहज जातो आहे असं दाखवून गेलो. कुडाआड डालगं उपडं होतं आणि त्याखाली आमची कबरी. त्याची बायको नवशी हसून म्हणाली, "या दादा, च्या घ्या." मी घेतला नाही.

संध्याकाळी विचारलं तेव्हा रामी म्हणाली, "खुडूक झाली होती. नवशीकडं अंडी हायेत, बसवायला कोंबडी नव्हती. दिली. पिल्लं निघाली की निम्मी आपली."

"मला सांगायचं ना."

"आजवर कोणाला सांगत होते?"

ती रागाने बोलली नाही. मला मात्र राग आला. घर माझं, कोंबड्या माझ्या, आणि जाणंयेणं माझ्या नोंदीबाहेर.

५ एप्रिल, शुक्रवार

वेलाच्या खालच्या पानांच्या कडा करपल्या आहेत, विस्तवाजवळ धरल्यासारख्या. तीन दिवसांपूर्वीच शीट घातली होती, आज आणखी एक टोपली घातली. खाऊ घालूनही माणूस वाळत असेल तर कोणीतरी त्याला काहीतरी देत असणार. पाण्यात मीठ मिसळून ओतलं तरी असंच होतं म्हणतात.

१२ एप्रिल, शुक्रवार

पुरावा मिळाला. सकाळी मी पाणी घालायच्या आधीच बुंध्याची माती ओली होती. चांगली खोलवर ओली. आणि चिखलात चपलेचा ठसा, मोठा, पुरुषाचा. ठशाशेजारी काडी रोवली आणि मोबाइलवर फोटो काढला. माती चाटून पाहिली. खारट लागली नाही, पण कडवट लागली. रामी ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "माती कशाला खातोस?"

पाचपैकी तीन वेलांची शेंड्यापर्यंत पानं पिवळी. मांडवावरची सावली विरळ होत चालली आहे. दुपारी फोनवर तापमान चाळीसच्या वर.

२० एप्रिल, शनिवार

आज पकडला.

सकाळी साडेदहा. टँकर येणार म्हणून सगळा पाडा आमच्या घरासमोरच्या रस्त्यावर हंडे लावून उभा होता. मी रांगेत हंडा ठेवून मागे आलो, तर पोश्या आवाराशी उकिडवा बसलेला. हातात खुरपं. पहिल्या वेलाच्या मुळाशी खणत होता. दुसऱ्या हाताने माती बाजूला ओढत होता.

"काय करतोस?"

दचकला नाही. "खत काढतो, देवा. मुळं शिजली असतील. दोन दिस भरपूर पाणी ओतलं, पण तू पुन्हा..."

"कोणाच्या परवानगीनं?"

"परवानगी कसली? मरतोय ना वेल."

मी खुरपं हिसकावून घेतलं. आवाज चढला माझा, तसे लोक रस्त्यावरून आत आले. मी सगळं सांगितलं. दोन बिया, कबरी, दाराची गाठ, ओली माती, ठसा. एकेक, तारीखवार. पोश्या ऐकत उभा राहिला. शेवटी मी म्हणालो, "मी सत्तावीस वर्षं नव्हतो. माझ्या मागं या घरातून काय काय नेलंस ते आता कळतंय."

 रामी डोक्यावर रिकामा हंडा घेऊन दारात उभी होती. पोश्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. हात धोतराला पुसले आणि तो वाटेने निघून गेला. यावेळी पुढच्या वाटेने गेला.

मी वेलाबद्दल बोललो. लोकांनी काय समजायचं ते समजोत.

२४ एप्रिल, बुधवार

कॅन आले नाहीत. चौथा दिवस. टँकर शनिवारनंतर फिरकला नाही. रामी खालच्या विहिरीवर गेली. खेपा चार. उतरायला वीस मिनिटं, चढायला चाळीस. ओट्यावरून दिसते ती, वळणावर एक हात कमरेवर ठेवून थांबते.

वेलांना आता कोणी हात लावत नाही. तीन टोपल्या ताजं खत घातलं आणि बुंध्याभोवती काटे लावले.

२ मे, गुरुवार

पाचही वेल मेले. मांडवावर पिवळा कागद टाकल्यासारखी पानं. हात लावला की चुरा होतो. पोश्या आलेला नाही, काटे जागच्या जागी आहेत, ठसा कुठे नाही. मग कोणी केलं?

रामीने?

हे लिहिलं आणि खोडावंसं वाटलं. रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही.

६ मे, सोमवार

दुपारी दोन ते तीन या वेळात सहा कोंबड्या गेल्या. मी खाटेवर होतो, डोळा लागला होता. जाग आली ती आवाज थांबल्यामुळे. पंख पसरून, माना लांब करून मातीत पडल्या होत्या. तांबडी पाण्याच्या परातीत चोच घालून मेली. परात कोरडी होती.

रामी विहिरीवरून आली. हंडे खाली ठेवले. आरडाओरडा केला नाही. मेलेल्या एका बाजूला ठेवल्या. जिवंत होत्या त्यांच्यावर हंड्यातलं पाणी शिंपडलं. तासभर चालून आणलेलं पाणी होतं ते. मग दोन डालग्यांत कोंबड्या भरल्या.

"कुठे नेतेस?"

"सावलीत."

पोश्याच्या घरामागे जुन्या चिंचेखाली सोडून आली. कोंबड्या सोळा, कोंबडा एक. मी मोजल्या नाहीत, तिने जाताना सांगितलं. "सोळा हायेत. लिव्ह."

तेव्हापासून ती सकाळी तिकडे जाते आणि संध्याकाळी येऊन स्वयंपाक करते. माझं ताट वाढते. बोलत नाही.

९ मे, गुरुवार

ठरवलं की याचा निकाल लावायचा. मेलेला एक वेल मुळासकट उपटला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला, बुंध्याची मूठभर माती घेतली, पिशवीला गाठ मारून वर तारीख टाकली आणि जीप पकडून खोडाळ्याला गेलो. तिथे मधुकर म्हणून बी-खताचे दुकानदार आहेत, म्हातारे आणि जाणते.

"यात विष आहे," मी सांगितलं. "कुठलं ते ओळखा आणि लेखी द्या."

त्यांनी पिशवी सोडली. मुळं चष्म्यासमोर धरली. ती काळी पडून लिबलिबीत झाली होती. मातीचा वास घेतला आणि नाक मुरडलं.

"कोंबडीची शीट घातली होती का?"

"हो. घरची."

"किती महिने कुजवलेली?"

"कुजवायची कशाला? ताजी. रोजची."

मधुकरभाऊंनी पिशवीला परत गाठ मारली आणि माझ्या हातात दिली. "ताजी शीट मातीत तापते, भाऊ. मुळं भाजते. चार महिने कुजवून, मातीत मिसळून, ओंजळभर घालायची. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाईकं होती. मी म्हणालो, "नाही."

१० मे, शुक्रवार

सांगितलं होतं. २१ मार्चची नोंद पाहा.

१३ मे, सोमवार

तीन दिवस घरातून निघालो नाही. हर्षदाचा फोन आला, आईने तिला सगळं सांगितलं आहे. ती म्हणाली, "बाबा, तुमची ड्युटी संपली. कळतंय का?" मी रेंज नाही म्हणून ठेवून दिला. रेंज होती.

रजिस्टर पहिल्यापासून वाचलं. दोन बियांची जागा नीट बघितली. तिथे उंदराचं बीळ आहे, जाळीच्या आतून निघून बाहेर जाणारं. पोश्याच्या घराकडे नव्हे, आमच्या चुलीकडे जाणारं. दाराची गाठ डावीकडून होती, कारण रामी डावखुरी आहे. लग्नाला चौतीस वर्षं झाली आणि हे मला आज आठवलं. ओली माती ही पोश्याने खत धुऊन जावं म्हणून ओतलेलं पाणी. त्याने आणलेल्या कॅनमधलं.

आज दुपारी त्याच्याकडे गेलो. चिंचेखाली सावलीत बसून तो कारवीचा कूड विणत होता. माझ्या कोंबड्या त्याच्या पायांपाशी माती उकरत होत्या. नवशी मला बघून उठून आत गेली. यावेळी चहा विचारला नाही.

"पोश्या, चुकलं माझं."

"काय चुकलं?"

"वेल मीच मारला."

"ते मला ठाऊक हाय." तो कारवी वाकवत राहिला. "दुसरं बोलला होतास, त्याचं काय?"

मी कारवीची एक काडी उचलून त्याच्या हाताशी ठेवली.

"माझ्याशी कशाला बोलतोस मग?" तो म्हणाला. "चार लोकांसमोर बोललास. चार लोकांसमोर बोल. माझ्यासाठी नको. तिला विहिरीवर बाया विचारतात, ती मान खाली घालून पाणी भरते."

हे मला माहीत नव्हतं. विहीर ओट्यावरून दिसत नाही.

१६ मे, गुरुवार

टँकर आला. सकाळी अकरा. रांगेत चाळीसेक माणसं. पोश्या मागे, रामी पुढे, दोघांमध्ये मी.

गेटवर मी कितीतरी मोठ्या माणसांना अडवलंय, आवाज कधी अडला नाही. आज अडला. दोनदा खाकरलो. मग म्हणालो, "मी पोश्याला चोर म्हणालो. वेल मीच मारले. ताजी शीट घालून. हा वाचवायला आला होता."

कोणीतरी हसलं. मी थांबलो असतो, पण रामीने मागे वळून बघितलं.

"आणि माझ्या मागं घरातून काय नेलंस म्हणालो. ते रामीवर गेलं. ते खोटं होतं. मी इथे नव्हतो. नव्हतो हे माझ्या डोक्यात सलत होतं, ते मी यांच्यावर काढलं."

तानी म्हातारी टँकरच्या नळीपाशी उभी होती. ती म्हणाली, "एवढं बोलायला एवढे दिस? व्हय बाजूला, माझा हंडा सांडतोय." आणि सगळी रांग हसली. पोश्याही हसला, थोडंसं. रामी हसली नाही. पण तिचा हंडा भरला तेव्हा तिने तो माझ्या डोक्यावर ठेवला, स्वतःच्या नव्हे.

१८ मे, शनिवार

पोश्याला सहज म्हणालो, कॅन परत सुरू करतोस का. तो म्हणाला, "नाय. आता तू हायस ना."

आज खेपा चार. माझ्या. वळणावर मीही थांबलो, हात कमरेवर ठेवून. तिथून थांबल्याशिवाय चढताच येत नाही.

१६ जून, रविवार

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहायला वेळच नव्हता. जाळीची एक बाजू काढून आवार आंब्यापर्यंत वाढवलं. आता अर्धं आवार खाटेवरून दिसत नाही. सगळी शीट लांब खड्ड्यात टाकून वर माती ओढली, दिवाळीपर्यंत तिला हात लावायचा नाही. पोश्याने घोसाळ्याच्या नव्या सात बिया दिल्या. बुंध्यांना दगडांचं कडं केलं, म्हणजे कोंबड्या उकरणार नाहीत. जमीन भिजली आहे, सातही उगवल्या. मांडवाच्या काठ्या त्याने आणि मी मिळून बदलल्या. फार बोललो नाही. लहानपणीही गुरांमागे आम्ही फार बोलत नसू.

कोंबड्या परत आणल्या. किती ते रामीला माहीत आहे.

दुपारी ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी हे रजिस्टर उघडलं तसं म्हणाली, "काय लिवतोस एवढं? वाच बरं."

तिला वाचता येत नाही. काहीही वाचून दाखवलं असतं तरी चाललं असतं. पहिल्या पानापासून सुरुवात केली. कॅनचं आलं तिथे दोन वाक्यं गाळली. "थांबलास का?" ती म्हणाली. "वाचताना तुझा डोळा खाली गेला." मग गाळलं नाही. गाठ वाचली, ठसा वाचला. वीस एप्रिलचं वाचलं. तिने ते पुन्हा वाचायला लावलं. दोन मेच्या नोंदीत तिचं नाव आहे, पुढे प्रश्नचिन्ह आहे. तेही वाचलं. सुपातला तिचा हात थांबला, आणि मग पुन्हा चालू लागला.

सगळं संपलं तेव्हा म्हणाली, "कोंबड्यांचं सगळं हाय यात. मी गप होते तेपण हाय. का गप होते, ते विचारलंस?"

"नाही."

"मग विचार."

मी विचारलं.

ती बोलायला लागली. मी ठाण्याला गेलो त्या पहिल्या पावसाळ्यापासून. ऊन ओट्यावरून सरकून कुडावर गेलं तरी बोलत होती. तांदूळ कधीच निवडून झाले होते. नवशी काही मागायला आली, आम्हाला बघून तशीच परत गेली. मध्ये एकदा माझा हात सवयीने पेनाकडे गेला. रामीने बघितलं. मी पेन खाली ठेवलं.

ती काय बोलली ते इथे लिहिणार नाही.